घोणस अळीने पाच मिनिटांत माणूस मरत नाही

गेल्या आठवड्यात मंगळवेढ्याकडून फोन आला. रोजानं खुरपायला जाणाऱ्या एक मावशी बोलत होत्या. "सर, बांधावरच्या एरंडाला ती अळी दिसलीय. चावली की पाच मिन्टात माणूस जातो म्हणं. बाया रानात जायला भ्यायल्यात." त्यांना आलेला मेसेज मी मागवून घेतला. उघडला, तर त्यातल्या हिरव्या काटेरी अळीचा फोटो माझाच निघाला.

मी जीवशास्त्राचा माणूस. सोलापूर जिल्ह्यातली माळरानं, डाळिंबाच्या बागा आणि बांध धुंडाळून किड्यांचे फोटो काढतो आणि त्यांच्याविषयी लिहितो. त्या फोटोखाली अळीचं कुळ, ती कशावर सापडली आणि अंगाला लागली तर काय करायचं, हे सगळं मी लिहिलं होतं. कुणीतरी तो मजकूर कापला आणि फोटोला मरणाची बातमी चिकटवली. एका बाईचा रोज त्यानं बुडत असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेजमध्ये म्हटलंय: 'कापूस आणि उसात नवीन अळी आली आहे. सापापेक्षा विषारी. अंगावर झेप घेऊन चावते, पाच मिनिटांत मृत्यू. दिसताच जालीम औषध फवारा.' सोबत शेतात पडलेल्या दोन मृतदेहांचा फोटो.

आधी त्या मृतदेहांबद्दल. हा फोटो सप्टेंबर २०२२ पासून फिरतो आहे. ती माणसं जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात वीज पडून गेली. अळीचा तिथे काही संबंध नव्हता. त्यांच्या घरच्यांच्या मोबाइलवरही हा मेसेज पोहोचला असेल, हे पुढे ढकलणाऱ्यांच्या मनात येत नाही का? दर पावसाळ्यात तोच फोटो परत येतो, फक्त गावाचं आणि पिकाचं नाव बदलतं.

'नवीन अळी' म्हणणं चूकच आहे. लिमाकोडिडी नावाच्या या कुळात जगभरात हजाराहून अधिक जाती आहेत आणि १८९२ साली छापलेल्या ब्रिटिश भारतातल्या पतंगांच्या ग्रंथात हे कुळ नोंदलेलं आहे. एरंड, आंबा, नारळ अशा अनेक झाडांवर त्यातल्या जाती पूर्वीपासून वाढतात. आपल्याकडे २०२२ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यात काही शेतकऱ्यांना दंश झाल्याच्या बातम्या आल्या आणि 'घोणस अळी' हे नाव घरोघरी गेलं. निम्मी भीती त्या नावातच आहे. घोणस हा खरोखर जीवघेणा साप, त्याचं नाव इंचभर अळीला मिळालं की पुढचं काम अफवा करते.

'झेप घेऊन चावते' हे वाचून तर मला वाईट वाटलं, कारण ही अळी चालते कशी हे पाहण्यासाठी मी कितीतरी तास बांधावर आडवा पडून राहिलो आहे. इतर अळ्यांच्या पोटाखाली मांसल पाय दिसतात, हिच्या पोटाखाली तसे दिसतच नाहीत. पोटाचा चिकट तळवा पानाला लावून ती गोगलगाईसारखी सरकते. डोकं आत ओढलेलं असतं, जबडा फक्त पान कुरतडायला. ती कुणाच्या मागे लागत नाही, झेप घेत नाही आणि माणसाला चावतही नाही. तिच्या अंगावरचे काटे पोकळ असतात आणि बुडाशी विषाची ग्रंथी असते. हात लागला की काटा कातडीत शिरतो, टोक मोडतं आणि विष आत जातं. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिचा हा बंदोबस्त आहे. भडक रंगही त्याचसाठी: लांबूनच बघ आणि जा.

आता माझ्या फोटोबद्दल. तो मॅक्रो लेन्सने काढलेला आहे. अळी जेमतेम इंचभर, आणि मोबाइलच्या पडद्यावर ती तळहाताएवढी दिसते. काटे सुयांसारखे वाटतात, मागे काळोख असतो. मला तिच्या पाठीवरचा निळसर पट्टा आणि काट्यांची मांडणी नीट दाखवायची होती, कारण जात ओळखायला तेच लागतं. पण आकाराचा अंदाज देणारं फोटोत काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक काटेरी अळीचा एक फोटो शेजारी रुपयाचं नाणं ठेवूनही काढतो.

'पाच मिनिटांत मृत्यू' हा दावा सगळ्यात जास्त पसरला, म्हणून यावर थोडं थांबतो. काटा लागला की लगेच जबर आग होते. कातडी लाल होते, सुजते, पुरळ उठतं. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत ते बहुधा ओसरतं. मला स्वतःला दोनदा लागलेत. आग इतकी की त्या रात्री नीट झोप आली नाही, पण दुसऱ्या दिवशी रानात होतो. मरण आणू शकणारी अळी जगात खरोखर आहे: दक्षिण अमेरिकेतली लोनोमिया. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ब्राझीलमधल्या बुतांतान संस्थेने तिच्यावर प्रतिविषही तयार केलं. पण ती वेगळ्या कुळातली, आपल्याकडे नाही, आणि तिच्यामुळेसुद्धा माणूस पाच मिनिटांत जात नाही.

एक गोष्ट मात्र मी दडवणार नाही. मधमाशीच्या डंखाचं जसं काहींना भयंकर वावडं असतं, तसं या काट्यांचंही एखाद्याला असू शकतं. श्वास कोंडला, ओठ किंवा तोंड सुजलं, चक्कर आली, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा. काटा डोळ्यात गेला तरी तसंच. बाकीच्यांनी जागा चोळायची नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, म्हणजे मोडलेले काटे निघून येतात. मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, बर्फ लावायचा, खाण्याच्या सोड्याचा लेप द्यायचा. मावशींना मी फोनवर हेच सांगितलं, आणि खुरपताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगितलं.

उरलं ते 'जालीम औषध फवारा'. या ओळीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणजे अळीला घाबरून माणसाने हातात घ्यायचं ते अळीपेक्षा कितीतरी जास्त विषारी. आणि बांधावरच्या दोन-चार अळ्यांसाठी त्याची गरजही नाही. सांगोल्याकडे मी अशीच एक अळी पाहिली होती, अंगाला तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे कोष चिकटलेले. ते गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातल्या चिमुकल्या माशीचे. ती अळीच्या अंगात अंडी घालते, पिल्लं अळीला आतून खातात आणि बाहेर येऊन कोष विणतात. फुकटचं राखण. फवारा मारला की आधी ही मरते, आणि डाळिंबाच्या फुलावर बसणारी मधमाशीही. अळ्या खूपच वाढल्या तर पाच टक्के निंबोळी अर्क आहे. एखादी दिसली तर काडीने साबणाच्या पाण्यात पाडायची, तेवढंही नको वाटलं तर तिच्या वाटेला जायचं नाही.

परवा मी मावशींच्या रानात जाऊन आलो. एरंडाच्या खोडाला एक कोष लागला होता, करड्या रंगाचा, बोराच्या बीसारखा टणक. त्यातून हिरव्या पंखांचा पतंग निघेल. तो काही खात नाही आणि त्याला काटाही नसतो. मावशींनी ती फांदी तोडू दिली नाही. "निघाला की फोटो पाठवा," म्हणाल्या, आणि बाकीच्या बायांना बोलावून तो कोष दाखवला.