चहा प्यायल्याने ऊन बाधत नाही?

“दिवसाला चार कप चहा घ्या, उरलेला चोथा तोंडाला चोळा. उन्हातली अतिनील किरणं काही करणार नाहीत, क्रीमवर पैसे घालवू नका. आपली कातडी तशीही सावळी.” हा मेसेज आमच्या मालवणात घरोघर पोचलाय. किनाऱ्यावर सुंगटं (कोळंबी) वाळत घालणाऱ्या माझ्या काकीने तो वाचून डोक्यावरचा पंचा घरी ठेवला. विचारलं तर म्हणाली, “पंचो कित्याक? चाय पितंय मां!” म्हणून हे लिहितोय.

मेसेजच्या मुळाशी खरं संशोधन आहे, ते आधी सांगतो. अतिनील किरणं पेशीतल्या डीएनएवर पडली की त्याच्या साखळीतले शेजारचे दुवे एकमेकांना भलतेच चिकटतात. शिवाय पेशीत ऑक्सिजनचे दाहक कण तयार होतात. हिरव्या चहातली कॅटेचिन द्रव्यं, विशेषतः ईजीसीजी, हे कण निकामी करतात. उंदरांमध्ये डीएनएची दुरुस्तीही लवकर झालेली दिसली. माणसाच्या कातडीवर अर्क लावून मग किरणं सोडली तेव्हा लाली कमी आली.

पण ‘चार कप’ कुठल्या चहाचे? आपल्या घरात येते ती काळी पत्ती. ती करताना पानं चुरगळून हवेत ठेवतात आणि बहुतेक कॅटेचिनांची थिअफ्लेविन, थिअरुबिजिन अशी वेगळी द्रव्यं होतात. चहाचा तांबूस रंग त्यांचाच. बरं, हिरवा चहा धरला तरी काय? मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१५ साली ५० निरोगी माणसांवरची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना १२ आठवडे रोज १०८० मिलिग्रॅम कॅटेचिनं आणि जोडीला क जीवनसत्त्व दिलं, बाकीच्यांना औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळ्या. मग अतिनील किरणं सोडली. दोन्ही गटांच्या लालीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आणि म्हणून कोणी अर्काच्या गोळ्या वाढवू नयेत. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गोळ्यांतून पोटात गेलं तर यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

चोथ्याचं थोडक्यात: त्यातलं बरंचसं कपात उतरून गेलेलं असतं. प्रयोगातला अर्क मोजूनमापून दाट केलेला होता. सनस्क्रीन किरणं कातडीत शिरण्याआधीच अडवतं, चोथ्याला ते जमत नाही.

राहिली सावळी कातडी. मेलॅनिनमुळे आपल्यात कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा खूप कमी, हे खरं. पण उन्हाने वांग येतो, सुरकुत्या लवकर पडतात. आणि डोळ्यांचं काय? बुबुळावर सरकत येणारा मांसल पडदा आणि मोतीबिंदू, दोन्हींचा उन्हाशी संबंध आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणं परत वर फेकते, लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे आणि वाळत घातलेली मासळी उलटणाऱ्या बायका दोन्हीकडून ऊन खातात. पोटातला चहा तिथे डोळ्यांच्या काय कामाचा?

काकीला रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा आणून दिलाय. पंचा पुन्हा डोक्यावर आलाय, त्यावर टोपी. सुंगटं आता ती अकराच्या आत आणि चारनंतर उलटते. मधल्या वेळात माडाच्या सावलीत बसून गुळाचा कोरा चहा पिते, चवीसाठी.