वरातीमागून अंतराळयान

"फायरफ्लाय कुठून बघायला सुरुवात करू?" हा प्रश्न ज्याने ती मालिका पाहिलेली नाही त्यालाच विचारावा. तो "पहिल्या भागापासून" म्हणून मोकळा होतो. ज्याने पाहिली आहे तो आधी खुर्ची पुढे ओढतो, आणि तुमची संध्याकाळ गेली.

'फायरफ्लाय' ही एका अंतराळयानावर फिरणाऱ्या नऊ जणांची अमेरिकी मालिका. आमचा पंथ लहान, आणि पोथी त्याहून लहान. एकूण १४ भाग. पहिला दोन तासांच्या वेळेत बसवलेला, म्हणजे जाहिराती वगळता साधारण ८६ मिनिटांचा. उरलेले तेरा प्रत्येकी ४४ मिनिटांच्या आसपास. झाले अकरा तास. शेवटी २००५चा 'सेरेनिटी' हा चित्रपट, ते आणखी दोन तास. शनिवारी सकाळी बसलेला माणूस रविवारी जेवणाच्या वेळेला सगळं संपवून उठू शकतो. पण या तेरा तासांवर आम्ही वीस वर्षांहून अधिक भांडतो आहोत आणि विषय संपलेला नाही. सात-आठ हंगाम चाललेल्या मालिकेचे चाहते निदान सहाव्या हंगामाला शिव्या घालायला तरी एकत्र येतात. आम्हाला ती सोय नाही. आमच्या मालिकेला बिघडायला सवडच मिळाली नाही. त्यामुळे न बनलेले हंगाम प्रत्येकाच्या डोक्यात चालू आहेत, आणि तिथे जो तो स्वतःच दिग्दर्शक.

पहिलं घोडं अडतं ते क्रमावर. मालिकेचा कर्ता जॉस वीडन, त्याने केलेला दोन तासांचा पहिला भाग 'फॉक्स' वाहिनीच्या पसंतीस उतरला नाही. शुक्रवारी निरोप आला की सोमवारपर्यंत दुसरी संहिता द्या. वीडन आणि त्याचा सहकारी टिम मिनिअर यांनी शनिवार-रविवारात 'द ट्रेन जॉब' लिहून काढला आणि २० सप्टेंबर २००२ रोजी मालिका दुसऱ्या भागापासून सुरू झाली. कोण कुठला, यानावर का आला, हे ज्यात सांगितलंय तो खरा पहिला भाग लागला २० डिसेंबरला. तोवर मालिका बंद करायचं ठरूनही गेलं होतं. वरातीमागून घोडे आपण ऐकून आहोत. हे वरात परतल्यावर नवरदेवाचं बारसं. मधल्या काळात ११ भाग उलटसुलट दाखवले गेले आणि तीन अमेरिकेत तेव्हा दाखवलेच नाहीत.

म्हणून नव्या माणसाने सुरुवात करताना एक परीक्षा घ्यावी. पडद्यावर युद्ध चालू असेल आणि यानाचा कप्तान मॅल रेनॉल्ड्स सेरेनिटी दरीत हरत असेल, तर भाग बरोबर आहे, बघत राहा. दारूच्या गुत्त्यात मारामारी होऊन तोच मॅल खिडकीतून बाहेर फेकला जात असेल, तर थांबा. तो दुसरा भाग आहे.

इथवर सगळे चाहते एकमुखाने बोलतात. मग कुणीतरी म्हणतो, "पण नवख्याला गळ लावायला 'आउट ऑफ गॅस' आधी दाखवावा," आणि एकी तिथे संपते. मी या गळवाल्यांच्या विरोधात आहे. 'आउट ऑफ गॅस' चौदांत सर्वोत्तम असेल, नव्हे आहेच. पण तो तीन काळांत उड्या मारतो: मॅल एकटा, जखमी, बंद पडलेल्या यानात; त्याच्या काही तास आधीचा स्फोट; आणि त्याच्याही कैक महिने आधी एकेक माणूस यानावर कसं आलं ते. ज्या माणसांना आपण अजून ओळखत नाही, ती पूर्वी कशी भेटली हे बघून कुणाला गहिवरून येणार? लग्नाचा अल्बम वधूवरांना ओळखणाऱ्यांनीच बघायचा असतो.

क्रम मोडला की कुठे काय निखळतं तेही पाहा. 'ट्रॅश'मध्ये ठकबाज सॅफ्रन परत येते, म्हणजे त्याआधी 'अवर मिसेस रेनॉल्ड्स' हवा. त्याच 'ट्रॅश'मध्ये यानावरचा डॉक्टर सायमन सहकारी जेनला जे शांतपणे ऐकवतो, त्याचं मूळ 'एरियल'मध्ये. 'वॉर स्टोरीज'मधला गुन्हेगार निस्का आधी 'द ट्रेन जॉब'मध्ये भेटायला हवा, नाहीतर इतका राग कशाचा ते कळत नाही. 'हार्ट ऑफ गोल्ड'च्या शेवटी यानावर राहणारी इनारा यान सोडण्याचा जो निर्णय सांगते, तो 'ऑब्जेक्ट्स इन स्पेस'मध्ये सगळ्यांना ठाऊक असतो. वाहिनीने 'हार्ट ऑफ गोल्ड' दाखवलाच नव्हता, त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकांना ती बातमी अशी कळली जशी शेजाऱ्याची बदली कळते, सामान ट्रकमध्ये चढताना दिसल्यावर.

मराठीतून या मालिकेवर वाद घालणाऱ्याला एक जादा संकट आहे. यानावर रिव्हर नावाची मुलगी आहे, सायमनची बहीण, आणि अंतराळाच्या कडेला रीव्हर नावाचे नरभक्षक आहेत. दोघांत फरक एका वेलांटीचा. "रिव्हर आली, पळा" आणि "रीव्हर आले, पळा" या दोन्ही वाक्यांना मालिकेत अर्थ आहे, हे त्यातलं आणखी वाईट. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला हसणाऱ्यांनी आधी हे दोन शब्द घाईत बोलून दाखवावेत. शिवाय जेन हा सहा फुटी बंदूकवाला पुरुष आहे, हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

आता त्याची बंदूक. तिचं नाव व्हेरा. 'अवर मिसेस रेनॉल्ड्स'मध्ये यान एका विद्युतजाळ्यात सापडायला निघतं आणि ते जाळं निकामी करायला जेनला बाहेरच्या पोकळीत गोळी झाडायची असते. यानावर मत पडतं की बंदुकीला प्राणवायू लागेल. म्हणून व्हेराला अख्खा अंतराळपोशाख चढवतात, आणि जेन हेल्मेटच्या काचेतून गोळी मारतो. मालिकेतलं हे सर्वांत गोड दृश्य आणि चाहत्यांतलं सर्वांत कडू भांडण.

शास्त्रवाले म्हणतात, काडतुसातल्या दारूला बाहेरच्या हवेची गरजच नसते. नायट्रोसेल्युलोजच्या रेणूतच प्राणवायू असतो, काडतूस बंद असतं, चाप ओढला की पोकळीतही बार उडणार. वर ते असंही विचारतात, की पहिल्या गोळीने काचेला भोक पडलं की पोशाखातली हवा निघून जाणार, मग दुसऱ्या गोळीचं काय? बचाव पक्ष तेवढाच तयारीचा. पोकळीत वंगण उडून जातं, धातू उन्हात तापतो नि सावलीत गोठतो, बंदूक अडकू शकते. आणि २५१७ सालची बंदूक आजच्याच दारूवर चालते हे कुणी सांगितलं? माझा कौल शास्त्रवाल्यांकडे. पण एक मुद्दा दोन्ही पक्ष सोडून देतात. हा सल्ला यानावरच्या लोकांनी घाईत, मरणाच्या दारात ठरवलेला आहे. मरणाच्या दारात माणसं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडत नाहीत. हातातली सगळ्यात मोठी वस्तू घेतात आणि तिला कपडे घालतात.

घोड्यांवरचा वाद त्या मानाने सोपा आहे, तरी तो दरवर्षी उगवतो. "अंतराळयान आहे तर घोडे कशाला?" 'शिंडिग' या एकाच भागात हवेत तरंगणारं झुंबर आहे आणि शेवटी यानात भरलेली गुरंही आहेत, विरोधकांना एवढा पुरावा पुरतो. उत्तर 'आउट ऑफ गॅस'मध्येच दडलंय. इंजिनातला कॅटलायझर नावाचा मुठीएवढा भाग जातो आणि नऊ जणांचा श्वास अडतो. केलीसारखी मेकॅनिक असूनही काही चालत नाही, कारण सुटा भाग जवळ नाही. आता हेच एखाद्या दूरच्या चंद्रावर घडलं तर? नुकतीच राहण्यायोग्य केलेली जमीन, कारखाना नाही, पुढचं मालवाहू यान कधी येईल त्याचा नेम नाही. घोडा तिथलं गवत खातो आणि आपला सुटा भाग अकरा महिन्यांत स्वतःच तयार करतो. मला तर उलट आश्चर्य वाटतं की बाकीच्या अंतराळ मालिकांत घोडे का नाहीत.

पोकळीत आवाज नसतो, हे मात्र मालिकेने काटेकोर पाळलं. इंजिन पेटतं ते गिटारच्या सुरावर. हा आमच्याकडचा हुकमी एक्का, "आमची मालिका शास्त्रशुद्ध" असं म्हणत टाकायचा. मग समोरचा विचारतो की यानात गुरुत्वाकर्षण कुठून येतं, आणि आमचा मेकॅनिक विषय बदलतो. अंतरांचंही तसंच: यानाचा वेग कथेला लागेल तेवढा. पुढे अधिकृत नकाशा निघाला, त्यात पाच तारे दाखवले आणि त्यातल्या एकाचं नाव चक्क कालिदास. तिथून ढगाच्या हाती निरोप पाठवला तर पोचायला किती वेळ लागेल, यावर अजून भांडण झालेलं नाही. पण ते दूर नाही.

काही वाद हसण्यावारी नेता येत नाहीत. मॅल आणि त्याची सहकारी झोई युद्धात हरलेल्या बाजूचे, तपकिरी कोटवाले सैनिक. चाहतेही स्वतःला तेच नाव लावतात. वीडनला ही कल्पना गेटिसबर्गच्या लढाईवरच्या 'द किलर एंजल्स' या कादंबरीवरून सुचली. त्यामुळे चाहत्यांतलाच एक गट रोखठोक विचारतो, की अमेरिकी यादवीतल्या दक्षिणेची हार गुलामगिरी वगळून गोड करून सांगितली आहे का? दुसरा म्हणतो, गुलामीचा व्यापार तर मालिकेत दुष्टांकडेच आहे. मला पहिल्यांचा प्रश्न खरा वाटतो आणि दुसऱ्यांचं उत्तर अपुरं. तशीच चिनी भाषा. कथेनुसार भविष्यातली सत्ता अमेरिका आणि चीन यांच्या मिळून झालेली, म्हणून सगळे मँडरिनमध्ये शिव्या देतात. पण नऊ प्रमुख कलाकारांत चिनी वंशाचा एकही नाही, आणि उच्चार असे की ती भाषा येणाऱ्याला शिव्याही उपशीर्षकांशिवाय कळू नयेत. याला बचाव नाही. बचाव करणारे मात्र आहेत.

जेनच्या टोपीला एक परिच्छेद द्यायलाच हवा. आईने विणून पाठवलेली, नारिंगी-पिवळी, कानपट्ट्यांची, वर गोंडा. ती येते 'द मेसेज'मध्ये, म्हणजे वाहिनीने तेव्हा न दाखवलेल्या तीन भागांपैकी एकात. चाहत्यांनी ती वर्षानुवर्षं विणली. नारिंगी कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो यावर सुयांइतकीच टोकदार मतं आहेत, कारण उजेड बदलला की टोपीचा रंगही बदलतो. पुढे परवाना घेतलेली टोपी बाजारात आली आणि २०१३ साली हाताने विणून विकणाऱ्यांना फॉक्सकडून नोटिसा गेल्या. जो भाग दाखवण्याच्या लायकीचा वाटला नाही, त्यातल्या टोपीवर अकरा वर्षांनी हक्क! या एका बाबतीत पंथात फूट नाही.

बाकी मालिका बंद का पडली, यावर आहे. शुक्रवारची रात्र, उलटा क्रम, बेसबॉलमुळे हुकलेला आठवडा, विनोदी मालिका असल्यागत केलेली जाहिरात, हे सगळं खरं. पण सरासरी प्रेक्षक ४७ लाखांच्या आसपास, आणि तेव्हाच्या अमेरिकी वाहिनीला ते परवडणारं नव्हतं, हेही खरं. चित्रपटाचंही गणित मांडून बघा: खर्च सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर, जगभरची तिकीटविक्री ४ कोटींच्या जरा वर. "खर्च निघाला की!" म्हणणारे विसरतात की त्यातला मोठा वाटा चित्रपटगृहं ठेवून घेतात आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच. "बंद पडली तेच बरं झालं" म्हणणारा एक छोटा उपपंथ आहे. त्यांच्याशेजारी बसू नये. पण ते अगदीच चूक नाहीत. 'सेफ'मधलं चेटकिणीचं गाव आणि 'हार्ट ऑफ गोल्ड'मधला वेढा शंभर वेळा पाहिल्यासारखे वाटतात. चौदांत दोन फिके, तर शंभरात किती, हे त्रैराशिक आम्ही मांडत नाही.

या मालिकेच्या डिस्क २००७ साली अंतराळवीर स्टीव्हन स्वॉन्सन यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेल्या. चाहते ही गोष्ट प्रमाणपत्रासारखी दाखवतात. मला तिथल्या शांततेचा हेवा वाटतो.

राहिला चित्रपट. मालिकेच्या आधी तो बघू नये, यावर दुमत नाही. नंतर बघावा का, यावर आहे. पहिल्या भागात सायमन सांगतो की त्याने पैसे मोजून दुसऱ्यांकरवी बहिणीला सरकारी कैदेतून सोडवलं. चित्रपटात तो स्वतः आत शिरतो. मालिकेत निळ्या हातमोज्यांची दोन माणसं तिच्या मागावर असतात. चित्रपटात ती गायब, त्यांचा निकाल चित्रकथेत लागलेला. आणि रीव्हर असे का झाले, हे चित्रपट सांगून टाकतो. (दीर्घ वेलांटी, कृपया.) कारण कळल्यावर भीती कमी होते, असं माझं मत, वाढते असं म्हणणाऱ्यांची संख्या जास्त.

बघायचाच असेल तर एक व्यवहारी सूचना. शेवटच्या अर्ध्या तासात यानाचा वैमानिक वॉश यान खाली उतरवू लागला की शेजारी बसलेल्या जुन्या चाहत्याकडे वळून काही विचारू नका. तो पडद्याकडे बघत नसतो. तुमच्याकडे बघत असतो.