रात्री दोनचं ऊन

छतावर सोलर बसवताय? अभिनंदन. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, ते खात्यात पडलं की पेढे वाटा. बिल शून्य येणार म्हणून सासरीही सांगून टाका. पुढचा संसार मीटरशी करायचा असतो. त्याबद्दल एका अनुभवी माणसाचे चार शब्द ऐकून ठेवा.

पहिलं म्हणजे, धीर धरू नका. घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर बसायला वेळ लागतो. तोवर पॅनल नुसते ऊन खात कशाला बसवायचे? एजन्सीवाला "चालू करून टाकू का, दादा?" म्हणाला की मान डोलवा. जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चोरी पकडायची सोय असते. वीज उलटी बाहेर गेली तरी त्यातले बरेच मीटर ती तुमच्या वापरातच धरतात. म्हणजे दुपारी अख्ख्या आळीला वीज तुम्ही द्यायची आणि तिचं बिलही तुम्हीच भरायचं. पुण्य मात्र पूर्ण तुमचं, त्यावर विद्युत शुल्क नाही.

अ‍ॅपवर श्रद्धा ठेवा. पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःचं उत्पादन स्वतःच मोजतो आणि तोच आकडा अ‍ॅपवर दाखवतो, म्हणजे पोराने आपला पेपर आपणच तपासावा तसं. मे महिन्यात माझं अ‍ॅप म्हणालं 379 युनिट, पॅनलची वीज मोजणारा जिन्याखालचा जनरेशन मीटर म्हणाला 366. मधले तेरा कुठे गेले हे विचारायचं नाही. त्याच अ‍ॅपच्या हिशेबाने मी आतापर्यंत कितीतरी झाडं लावली आहेत. घरातल्या तुळशीला पाणी बायको घालते.

मीटरचा नंबर तोंडपाठ करा. नातवंडांची नावं विसरलात तरी चालेल.

रीडिंगला येणाऱ्या मुलाला चहा विचारा. डिस्प्लेवर तारीख, व्होल्टेज, इम्पोर्ट (घेतलेली वीज), एक्सपोर्ट (बाहेर दिलेली वीज) असे आकडे फिरत असतात. त्याने फोटो काढला त्या क्षणी जो आकडा समोर असेल, ते तुमचं त्या महिन्याचं नशीब.

आणि काहीही झालं तरी मीटरच्या अचूकतेवर शंका घेऊ नका. घरगुती मीटर क्लास 1 चा असतो, म्हणजे चूक साधारण एक टक्क्याच्या आतच. पटत नसेल तर रात्री सगळं बंद करून फक्त हजार वॉटची इस्त्री लावा आणि मीटरवरचा लाल दिवा मोजा. वर 3200 इम्प (म्हणजे लुकलुक) प्रति युनिट लिहिलं असेल तर मिनिटाला त्रेपन्नच्या आसपास लुकलुकला पाहिजे. मी मोजला. बायको मोबाइलवर मिनिट लावून उभी होती, "अहो, शेजारचे बघतायत" म्हणत. बावन्न आले. घड्याळासारखा चोख मीटर! आनंदाने बटण दाबत दाबत आकडे बघितले, तर इम्पोर्ट जागच्या जागी आणि एक्सपोर्ट वाढतोय.

रात्रीचे दोन वाजले होते. छतावर चांदणं. आणि माझं घर वीज निर्यात करत होतं.

मीटरमध्ये आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर बसवणाऱ्याने अदलाबदल करून जोडली होती, एवढीच गोष्ट. मे महिन्यात मी 268 युनिट बाहेर दिले आणि 141 घेतले. बिलात छापून आलं, 268 घेतले, 141 दिले. म्हणजे 127 युनिट माझ्या खात्यात शिल्लक पडायच्या ऐवजी 127 युनिटचं बिल, वर स्थिर आकार, वहन आकार, शुल्क. व्हिडिओ काढला, त्यात मुद्दाम भिंतीवरचं घड्याळही घेतलं, आणि वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. पहिल्या टेबलावर ऐकलं, "आधी बिल भरा, मग तक्रार करा." दुसऱ्यावर, "सोलरचं आमच्याकडे नाही, एजन्सीला विचारा." एजन्सीवाला म्हणतो, "दादा, मीटर आमचा नाही." तिसऱ्या खेपेला अ‍ॅक्युचेक हे मीटर तपासायचं यंत्र घेऊन माणूस आला, त्याने लोड लावला, दिवे मोजले आणि शेरा लिहिला: मीटर ओके, चूक अधिक 0.4 टक्के.

बरोबरच आहे त्याचं. मीटर 0.4 टक्क्याच्या आत अचूक उलटं मोजतोय! मी म्हटलं, अहो साहेब, रात्री दोनला सोलर कसं चालेल? तर म्हणे, "काका, टेक्निकल असतं ते."

काय टेक्निकल आहे हो त्यात? सूर्य रात्री नसतो, हे तिसरीतल्या पोराला कळतं. पहाटे चार ते पाच एक्सपोर्ट वाढतो, सकाळी दहानंतर इम्पोर्ट वाढतो. तुमच्या त्या स्मार्ट मीटरमध्ये अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद असते, कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघायला काय जातं? बघायचंच नाही. बिलाचा छापखाना चालू आहे ना, मग झालं. क्लास 1 चा मीटर आणलात, तो वाचायला कोणत्या क्लासचा माणूस ठेवलात?

नियम मलाही वाचता येतात. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली. रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली की पाच दिवसांत दुसरा मीटर लावून किमान तीन महिने पडताळणी करायची, असं त्यात लिहिलंय. माझा अर्ज जूनचा आहे, पोच सही-शिक्क्यासह माझ्याकडे आहे. गणपती येऊन गेले, दुसरा मीटर आला नाही. आता 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 42 खाली तक्रार मंचात चाललोय. तीन प्रती, बिलं, व्हिडिओ, सगळं तयार आहे.

आणि तुम्हीही, वाचणारे, हसताय काय? कधी आपल्या मीटरखाली उभं राहून दोन्ही आकडे लिहून काढलेत का? शून्य बिल आलं की फोटो ग्रुपवर, आणि वीज कंपनीकडे आपल्या खात्यात किती युनिट जमा आहेत ते विचारलं तर "एजन्सीवाला बघतो". तो काही बघत नाही. आज रात्री जा आणि बटण दाबा.

आणि ऑफिसातल्या साहेबांनो, दोन वायरींचा प्रश्न आहे. सील मी तोडलं तर गुन्हा माझ्यावर, म्हणून तीन महिने हात बांधून बसलोय. सील तुम्ही तोडा, स्क्रूड्रायव्हर मी आणतो.