‘माल नको, गोष्ट विका’ या मेसेजला नाशिकमधून उत्तर

गेले काही महिने नाशिकमधल्या छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातोय. थोडक्यात तो असा: लोक माल घेत नाहीत, गोष्ट घेतात. गोष्ट माहितीपेक्षा २२ पट जास्त लक्षात राहते. माणसाचं लक्ष ८ सेकंदांच्या वर टिकत नाही, म्हणून लांबलचक काही लिहू नका. रोज एक रील टाका. जाहिरातीवर पैसा घालवू नका, कंटेंट फुकट असतो. वेबसाइट आणि गूगल जुनं झालं, इन्स्टाग्राम पुरे. आणि शेवटची ओळ: स्वतःची गोष्ट नसेल तर तयार करा.

मी याच कामात आहे. येवल्याची पैठणी, निफाडचा बेदाणा, अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे सुटे भाग यांच्याबद्दल मराठीत लिहून देणं हा माझा रोजचा उद्योग. तेव्हा गोष्टीच्या ताकदीवर माझा विश्वास नाही असं कुणी समजू नये, माझं घर त्यावर चालतं. पण हा मेसेज प्रमाण मानून लोक हंगामाचे दिवस आणि पदरचे पैसे घालवताना मी बघते, आणि ते बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘लोक माल घेत नाहीत, गोष्ट घेतात’ हा सगळ्यात मोठा दावा, आणि त्याला दिलेला पुरावा अमेरिकेतला आहे. तिथे दोघांनी सुमारे १२८ डॉलरच्या फुटकळ जुन्या वस्तू घेतल्या, प्रत्येकीला एक गोष्ट जोडली आणि त्या सगळ्या मिळून ३,६१२ डॉलरला विकल्या. हे खरंच घडलं. रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन यांनी २००९ मध्ये ईबेवर हा प्रयोग केला, आकडेही बरोबर आहेत. मेसेजने गाळलंय ते वेगळंच. गोष्टी लिहिणारे सराईत लेखक होते, आणि गोष्ट लेखकाने रचलेली आहे हे प्रत्येक वस्तूसोबत स्पष्ट सांगितलेलं होतं. घेणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की आपण एका लेखकाची कथा घेतोय आणि तिच्यासोबत ती वस्तू येतेय. तिथे कथा हाच माल होता. शिवाय ती वस्तू एकदाच विकायची होती. आपल्याला तेच गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीलाही हवं असतं, आणि मधल्या वर्षभरात त्याने आपला माल खाल्लेला किंवा नेसलेला असतो.

उदाहरण हवंच असेल तर आपल्या जिल्ह्यातलं घ्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटाचं तंत्र शिकून परतले, तेव्हा या नव्या धंद्यात पैसा घालायला कुणी पुढे येईना. मन हेलावेल अशी कहाणी त्यांच्याकडे होती. चांगलं चाललेलं काम सोडलेलं, दृष्टी जाऊन मोठ्या मुश्किलीने परत आलेली, घरात चणचण. पण लोकांसमोर त्यांनी मांडलं ते दुसरंच. त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं, समोर कॅमेरा लावला आणि दिवसांमागून दिवस थोडं थोडं चित्रण करत रोप उगवून वाढतानाची छोटीशी फिल्म तयार केली. ती पाहून भांडवल मिळालं. ज्याने पैसे दिले त्याला त्या फिल्ममधून एवढंच कळायला हवं होतं की या माणसाला हे काम येतं. १९१३ मध्ये भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट लोकांसमोर आला आणि फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड नि काम नाशिकला आणलं. आज आपण ज्याला कंटेंट म्हणतो, त्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. बघणाऱ्याच्या मनातली शंका ओळखली आणि ती डोळ्यांसमोर फेडली.

हेच बेदाण्यात कसं होतं ते सांगते, कारण ते मी जवळून पाहिलंय. निफाडकडच्या एका बागायतदार कुटुंबाने आधी मेसेजप्रमाणे केलं. ड्रोनने बाग वरून घेतली, खाली संगीत, ‘तीन पिढ्यांचा घाम’ अशी अक्षरं. व्हिडिओ खूप पाहिला गेला. पाहणारे बहुतेक आजूबाजूचे द्राक्ष बागायतदारच. बेदाणा घेणारी मुंबई-ठाण्याची गृहिणी त्यांना फोनवर भलतंच विचारत होती: ‘तुमचा बेदाणा बाजारातल्यासारखा सोनेरी का नाही? जुना आहे का?’

याचं उत्तर बेदाण्याच्या शेडमध्येच होतं. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवले की सालीवरचा मेणासारखा थर ढिला पडतो, ओलावा लवकर निघतो आणि सावलीतल्या जाळ्यांवर साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. पिवळाधमक रंग यावा म्हणून पुष्कळ ठिकाणी वर गंधकाची धुरी देतात. हे कुटुंब धुरी देत नाही, म्हणून त्यांचा माल गडद दिसतो. एवढंच त्यांच्या सुनेने साध्या मोबाइलवर, शेडमध्ये उभं राहून, दोन वाट्यांत दोन प्रकारचे बेदाणे दाखवून सांगितलं. डिपिंग ऑइल वापरतो हेही लपवलं नाही. त्याखाली मी तीनशे शब्दांत तेच लिहून दिलं: धुवून कसा वापरायचा, हवाबंद डब्यात किती टिकतो, पार्सल कोणत्या वारी निघतं. त्यानंतर येणारा फोन ‘जुना आहे का’ असा येत नाही, ‘धुरी न दिलेला दोन किलो पाठवा’ असा येतो. तीन पिढ्यांची गोष्ट खोटी नव्हती. पण ती घेणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हती.

आता ते २२ पट. हा आकडा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांच्या नावावर खपवला जातो, पण फिरवणारं कुणी त्यांचं पुस्तक, पान किंवा प्रयोग सांगत नाही. सांगता येईल असा प्रयोग १९६९ चा आहे, गॉर्डन बावर आणि मायकल क्लार्क यांचा. त्यांनी विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या पाठ करायला दिल्या. काहींना सांगितलं की शब्द गुंफून स्वतःच गोष्ट रचा, बाकीच्यांना नुसतं पाठ करायला लावलं. शेवटी सगळ्या याद्या विचारल्या तेव्हा गोष्ट रचणाऱ्यांना ९३ टक्के शब्द आठवले, बाकीच्यांना १३ टक्के. म्हणजे साधारण सात पट. फरक मोठाच आहे, तो मला अमान्य नाही. पण तिथे गोष्ट ऐकणाऱ्याने स्वतः रचली होती, आणि मोजली गेली ती आठवण. कुणी काही विकत घेतलं का, हा प्रश्नच त्या प्रयोगात नव्हता. जाहिरातीतला विनोद आठवतो आणि जाहिरात कशाची होती ते आठवत नाही, हा अनुभव आपल्या प्रत्येकाला आहे.

८ सेकंदांचं तर याहून कच्चं आहे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने जाहिरातदारांसाठी एक अहवाल काढला. माणसाचं लक्ष १२ सेकंदांवरून ८ वर आलं, गोल्डफिश माशाचं ९ असतं, हे त्यातून जगभर पसरलं. तो आकडा शाखेच्या स्वतःच्या पाहणीतला नव्हता, एका आकडेवारीच्या वेबसाइटवरून उचललेला होता. बीबीसीने २०१७ मध्ये त्याचा माग काढला तेव्हा मुळाशी कुठलंच संशोधन हाती लागलं नाही. आपल्याकडे लोक यूट्यूबवर तासाभराची कीर्तनं पूर्ण ऐकतात. कंटाळवाणं आठ सेकंदांतही सोडून देतात, आणि खिशातून मोठी रक्कम काढायची असेल तर वेळ देतात.

पैठणी घ्यायला निघालेल्या बाईला तर थोडक्यात सांगून चालतच नाही. येवल्यात दुकानं भरपूर, आणि हातमागाच्या शेजारीच यंत्रमागाची साडी त्याच नावाने टांगलेली. फरक कळतो तो पदर उलटा केल्यावर. हातमागावर नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या काडीने विणून बाजूच्या धाग्यात अडकवलेला असतो, म्हणून मोर किंवा मुनिया दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूला सुटे, कापलेले धागे दिसतात. हे नीट दाखवायला तीन-चार मिनिटं लागतात. सिल्क मार्क कशाची खात्री देतो आणि हँडलूम मार्क कशाची, हे आणखी दोन मिनिटं, कारण पहिला फक्त धागा शुद्ध रेशमाचा आहे एवढंच सांगतो, साडी कशावर विणली ते सांगत नाही. हे सगळं आठ सेकंदांत बसवायला गेलात तर उरतो नुसता मोर. तो नकलेवरही असतो.

‘रोज एक रील’ यावर फार बोलायची गरज नाही. ऑक्टोबर छाटणी झाली, वर आभाळ आलं आणि डाऊनी रोगाची भीती असली की बागायतदार रात्रीसुद्धा फवारणीच्या ब्लोअरमागे असतो. त्याने रोज कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं? द्राक्षाचं कंटेंट छाटणीच ठरवते. एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरची, विरळणी, मण्यात पाणी भरणं, काढणी. वर्षाचे हे सात-आठ टप्पे नीट दाखवले आणि काढणीच्या महिनाभर आधीपासून थोडं वाढवलं तरी पुष्कळ झालं. रोजच्या सक्तीने लोक शेवटी सुविचार आणि सणांच्या शुभेच्छा टाकायला लागतात. त्यावर कुणी ऑर्डर देत नाही.

कंटेंट फुकट असतो, हेही चुकीचं. दुकान सोडून घालवलेला वेळ मोजला तर तो स्वस्त नाही, आणि त्याचा परिणाम सावकाश येतो. गंगापूर रोडला ज्याने नवी मिसळ सुरू केलीय, त्याला याच रविवारी माणसं हवीत. त्याने पाच किलोमीटरच्या आतल्या लोकांना दिसेल अशी थोडी पैशाची जाहिरात जरूर करावी. रस्सा का आवडला हे लोक नंतर सांगतीलच. माझा आग्रह फक्त एका वहीचा असतो: प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारायचं आणि उत्तर लिहून ठेवायचं. कशावर वेळ घालवायचा आणि कशावर पैसा, हे ती वही महिन्या-दोन महिन्यांत दाखवते. लाइकच्या आकड्यातून ते कळत नाही.

इन्स्टाग्राम पुरे म्हणणाऱ्यांनी २९ जून २०२० ची तारीख आठवावी. त्या दिवशी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांनी कष्टाने जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले. त्यांचे नंबर कुणाकडेच नव्हते. म्हणून गिऱ्हाइकाच्या परवानगीने घेतलेली नंबरांची स्वतःची यादी हवी, आणि तुमचा नंबर त्यांनी सेव्ह केलेला हवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट त्यांना पोचतच नाही. आणि गूगल जुनं झालं हे नाशिकमध्ये तरी कुणी म्हणू नये. त्र्यंबकेश्वरला, पंचवटीला येणारा बाहेरगावचा माणूस हॉटेल, प्रसाद, गाडी, सगळं गूगल मॅपवर शोधतो, तेही बहुतेक हिंदीत नाहीतर इंग्रजीत. गूगलवर दुकानाची नोंद करायला पैसे लागत नाहीत. तिथे बंदचा वार बरोबर, फोन चालू, फोटो या वर्षीचे आणि नाव मराठीबरोबर हिंदी-इंग्रजीत असेल, तर सिंहस्थात त्याचा उपयोग कुठल्याही रीलपेक्षा जास्त होईल.

राहिली ती शेवटची ओळ, ‘गोष्ट नसेल तर तयार करा.’ यावर मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. ठेक्यावर दळून घेतलेल्या मसाल्याला ‘आजीची शंभर वर्षांची पाककृती’ चिकटवायची, प्रमाणपत्र नसताना पाकिटावर ‘सेंद्रिय’ छापायचं, भावकीतल्या दहा जणांकडून पंचतारांकित अभिप्राय लिहून घ्यायचे, हे सगळं त्या एका ओळीत बसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ते सांगायला हवं, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केलंय. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि दाखवावेत यासाठी त्याच वर्षी भारतीय मानकही आलं. हे फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, खरोखर आजीच्या हातचा मसाला विकणाऱ्या दिंडोरीच्या बचत गटाचं काय? खोट्या आज्या वाढल्या की त्यांच्या खऱ्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

गोष्ट नाही, असं मला सगळ्यात जास्त अंबड-सातपूरचे कारखानदार सांगतात. ‘आमच्याकडे काय ताई, लोखंड आणि ऑइल.’ एका वर्कशॉपमध्ये मी तपासणीच्या टेबलाजवळ उभी होते. कामगार मायक्रोमीटरवर एकेक पिन मोजत होता आणि मापाबाहेरची लाल पेटीत टाकत होता. मालकांना ती पेटी फोटोत नको होती, नाकारलेला माल कशाला दाखवायचा म्हणून. मी ती घ्यायला लावली, आणि सोबत कुठल्या मापाला पिन नाकारतो ते लिहिलं. पुण्याहून चौकशीला आलेल्या खरेदी अधिकाऱ्याने पहिला प्रश्न त्या लाल पेटीबद्दल विचारला, कारण त्याची भीती तीच होती: खराब नग आपल्या असेंब्ली लाइनवर तर येणार नाहीत ना?

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे, निदान शेवटची ओळ काढून पाठवा. ग्रुपमधलं कुणीतरी ती खरी मानून उद्या लेबल छापायला टाकेल, आणि नोटीस आली तर ती त्याच्या नावावर येईल.