सात लाखांचे अडतीस हजार

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला नव्या नोकरीचा मेल आला. वर "अभिनंदन", शेजारी तीन उद्गारचिन्हं. खाली बारीक अक्षरात एक ओळ: ही ऑफर सोमवारी सकाळी अकरापर्यंतच वैध आहे. या कंपनीला मुलाखतीचे पाच राउंड घ्यायला दोन महिने लागले. मधले तीन आठवडे माझ्या मेलला उत्तरसुद्धा दिलं नाही. आणि मी विचार करायचा शनिवार-रविवारात, एचआरचा फोन बंद असताना. लग्नाच्या बोलणीतसुद्धा "घरी विचारून कळवतो" म्हणायला आठवडा मिळतो हो.

आकडा होता ६ लाख ८० हजार. पीजीच्या गच्चीवर उभं राहून वाचला आणि पहिली दोन मिनिटं मी खरंच खूश झाले, उगाच कशाला खोटं बोलू. आत्ता मला ४ लाख १० हजार आहेत. पुण्यात वाकडला एका खोलीत तिघी, महिन्याला ११ हजार, आणि रोज भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमध्ये आयुष्याची पाऊण तास राख. नवीन ऑफिस बाणेरला. वाटलं, सुटले.

मग दुसरं पान उघडलं. ॲनेक्शर, म्हणजे पगाराची फोड.

वार्षिक ६,८०,०००. त्यातले ६८,००० व्हेरिएबल, म्हणजे कंपनीला वाटलं तर, माझं रेटिंग बरं आलं तर, आणि मार्चमध्ये मी तिथेच असले तर. ५०,००० जॉइनिंग बोनस, एकदाच मिळणारा, अठरा महिन्यांच्या आत सोडलं तर परत करायचा. तोही पगारात धरलाय! पीएफमधला कंपनीचा वाटा ३६,०००. पीएफ माझाच आहे, मान्य, म्हातारपणी कामी येईल, त्यावर भांडण नाही. ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता १२,०००. आणि १४,४३० ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम.

ग्रॅच्युइटीवर जरा थांबू या, कारण त्या ओळीनं माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं. ही रक्कम हातात पडायला माझ्यासारख्या कायम नोकरीवाल्याला सलग पाच वर्षं एकाच कंपनीत काढावी लागतात. चार वर्षांत गेलात तर शून्य. ज्या धंद्यात दोन-अडीच वर्षांत माणसं बदलतात, ज्या धंद्यात पाच वर्षं एका जागी बसलेल्याला पुढच्या मुलाखतीत "इतके दिवस का थांबलात?" असं संशयानं विचारतात, तिथं हे १४,४३० माझ्या पहिल्या वर्षाच्या "पगारात" मोजलेत. उद्या खुर्चीचं भाडं आणि एसीची हवा पण धरा की! लिफ्टचं मेंटेनन्स राहिलं.

बेरीज-वजाबाकी मी त्याच रात्री केली. सगळं वजा जाता उरतात ४,९९,५७०, म्हणजे महिन्याला ४१,६३०. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि राज्य सरकारचा व्यवसाय कर २०० जातो. खात्यात पडणार ३८,४३०. सरकारनं बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न नव्या पद्धतीत करमुक्त केलं, त्यामुळे इन्कम टॅक्सचा प्रश्न नाही. म्हणजे शिव्या घालायला सरकारही हाताशी नाही. जे काही गायब झालंय ते कंपनीच्या एक्सेलमध्येच झालंय.

आत्ता माझ्या हातात २७,३०० येतात. वाढली ती अकरा हजारांनी. आणि एचआरताई फोनवर काय म्हणाल्या? "मॅम, वी आर ऑलरेडी गिव्हिंग यू सिक्स्टी-सिक्स पर्सेंट हाइक." जणू त्यांच्या माहेरून देतायत.

हाइक. या एका शब्दावर मला दात-ओठ खायचे आहेत.

काम काय आहे? सॉफ्टवेअरचं. जावा, स्प्रिंग बूट, पेमेंटची सर्व्हिस सांभाळायची, महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल, म्हणजे रात्री दोनला फोन वाजला तर उठायचं. या कामाची काहीतरी किंमत असेल ना? कांद्याला असते. मेथीच्या जुडीला असते. मग माझी किंमत काढताना माझा आधीचा पगार कशाला हवा? भाजीवाली तुम्हाला विचारते का, की ताई, काल तुम्ही टोमॅटो कितीला घेतला होता, त्यावर तीस टक्के चढवून देते? मला मात्र पहिल्याच फोनवर, नाव धड विचारायच्या आधी, तीन प्रश्न: करंट सीटीसी (म्हणजे कागदावरचा वर्षाचा एकूण पगार, वरचं सगळं धरून), एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. "रेंज काय आहे या पोझिशनची?" म्हणून मी विचारलं तर म्हणे, "इट डिपेंड्स ऑन युवर करंट." जाहिरातीत तर लिहिलेलंच असतं, सॅलरी: नॉट डिस्क्लोज्ड. किंवा त्याहून गोड, बेस्ट इन द इंडस्ट्री. आकडा लपवायचा, आणि बेस्ट म्हणायचं!

आणि मी खोटं बोलायचं म्हटलं तरी सोय नाही. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, पीएफचा यूएएन नंबर, सगळं अपलोड करा. मी गेल्या दिवाळीत आईला साडी कुठून घेतली हे त्यांना दिसतं. त्यांचा या जागेचा पगाराचा बँड किती ते मला विचारायची चोरी.

याच कंपनीचं मुख्य ऑफिस कॅलिफोर्नियात आहे. तिथं २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच कायद्यानं बंदी आहे, आणि २०२३ पासून जाहिरातीत पगाराची श्रेणी छापावी लागते. मी त्यांचं करिअरचं पान उघडून पाहिलं. तिकडच्या जागेखाली इतके डॉलर ते इतके डॉलर, अगदी स्वच्छ. त्याच पानावर, दोन बोटं खाली, पुणे: काही नाही. म्हणजे लिहिता येतं यांना.

बरं, तो माझा "करंट" तरी आला कुठून? २०२२ ला मी बी.ई. झाले. कॉलेजात जी कंपनी त्या दिवशी आली, तिनं साडेतीनशे पोरांना एकच आकडा दिला, ३ लाख ४० हजार. कुणी काही मागितलं नाही, मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. मग अकरा महिने कराडला घरी बसले, कारण जॉइनिंगची तारीखच येईना. त्या काळात ऑफर लेटरं किती पक्की असतात तेही कळलं. २०२३ च्या फेब्रुवारीत एका मोठ्या कंपनीनं साडेसहा लाखांचं पत्र दिलेल्या पोरांना साडेतीनवर येता का विचारलं होतं, पेपरात आलं होतं ते. पोरं गेलीही. तर असा तो आकडा. माझ्या अकलेशी, कष्टाशी काडीचा संबंध नाही त्याचा. तरी जन्मतारखेसारखा चिकटलाय. ज्या मैत्रिणीनं मला रेफर केलं तिनं दबक्या आवाजात सांगितलं की त्याच टीममध्ये माझ्याइतक्याच अनुभवाचा एकजण ९ वर आलाय. त्याचा करंट ६ होता. बास, एवढंच. तिनं वर बजावलं, "माझं नाव घेऊ नकोस हं, पगार सांगायचा नाही असं लेटरमध्ये आहे." असणारच! सांगितला तर पंचाईत होईल ना.

मुलाखतींचं तर विचारूच नका. ऑनलाइन टेस्टमध्ये कोडमधली झाडं उलटी केली. दुसऱ्या राउंडला एलआरयू कॅशे लिहून दाखवला. तिसऱ्याला पार्किंग लॉटचं डिझाइन, तेही चालणाऱ्या कोडसकट, दीड तासात. चौथ्याला कोट्यवधी लोक एकाच वेळी येतील अशी सिस्टीम डिझाइन करा म्हणे. पाचव्याला मॅनेजर विचारतात, "व्हाय डू यू वॉन्ट टु जॉइन अस?" भूमकर चौक, सर. असं म्हणायचं होतं. त्यांच्या संस्कृतीचं कौतुक करून आले.

शनिवारी घरी फोन केला. बाबा जिल्हा परिषदेत शिक्षक. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत अर्धा तास गेला. शेवटी म्हणाले, "अगं, पण पगार किती ते अर्ज करतानाच माहीत नव्हतं?" आता काय सांगू त्यांना. त्यांचा पगार शासन निर्णयात छापलेला असतो. २०१९ च्या जानेवारीत राज्यात सातवा आयोग लागला तेव्हा मी फर्स्ट इयरला होते. गल्लीतल्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं की गुरुजींना आता किती मिळणार, महागाई भत्ता किती, थकबाकी किती हप्त्यांत. आम्ही हसायचो त्या तक्त्यांना. आता वाटतं, त्या तक्त्यात निदान उभी-आडवी ओळ जुळवली की माणसाला आपला आकडा सापडतो.

आईचं वेगळंच. "जास्त ताणू नकोस गं. बरं दिसत नाही. उद्या त्यांनी नाहीच म्हटलं तर?" ही बाई गुरुवारच्या बाजारात पाच रुपयांसाठी तीनदा मागं फिरते, दोन पावलं गेल्यावर भाजीवाली हाक मारणार हे तिला पक्कं ठाऊक असतं, आणि वर कोथिंबीर फुकट घेते. तिनं मला हे सांगावं! मी म्हटलं, "आई, तू चल माझ्याबरोबर, तूच बोल एचआरशी." ती हसली. मी चेष्टा करत नव्हते.

घासाघीस करायची म्हणजे हातात दुसरी ऑफर पाहिजे, असं सगळे शहाणे सांगतात. दुसरी ऑफर मिळवायला वेळ पाहिजे. वेळ सोमवार अकरापर्यंत. शिवाय सध्याच्या कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आणि यांना मी ३० दिवसांत हवी. उरलेल्या दिवसांचा बायआउट, म्हणजे लवकर सुटण्याचे पैसे, कोण भरणार? "दॅट यू विल हॅव टु मॅनेज, मॅम." आता यांच्याच लेटरमधलं कलम नऊ वाचा: नोटीस पिरियड ९० दिवस. प्रोबेशनमध्ये कंपनीनं काढायचं ठरवलं तर १५. वाचून मी गच्चीवर एकटीच मोठ्यानं हसले. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी वळून पाहिलं.

तरी मी मेल लिहिला. शुक्रवारी रात्रीच. चारदा खोडून, "कृपया"ची संख्या सहावरून दोनवर आणून. जॉइनिंग बोनस सीटीसीबाहेर काढा आणि फिक्स्ड साडेसात करा, असं स्वच्छ मागितलं, कारणंही दिली. सोमवारी सकाळी नऊपासून फोन हातात धरून बसले. ऑफिसच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगमध्ये म्यूट होते. दहा वीसला फोन आला.

"मॅम, आय हॅव गुड न्यूज. मी लीडरशिपशी स्पेशली बोलले. इंटर्नल पॅरिटी आहे, बजेट नाहीये, तरी युवर केस आम्ही एक्सेप्शन म्हणून घेतली. वी आर मेकिंग इट सेव्हन." सात! मी खरंच थँक यू म्हटलं. एकदा नाही, दोनदा. आत्ता आठवलं की स्वतःलाच चिमटा काढावासा वाटतो.

दहा चाळीसला सुधारलेलं लेटर आलं. सरळ दुसऱ्या पानावर गेले. बेसिक तेच. एचआरए तोच. बोनस तिथंच, पगाराच्या आत. ग्रॅच्युइटी १४,४३०. फक्त एक ओळ बदलली होती: व्हेरिएबल ६८,००० चं ८८,०००. वाढवलेले वीस हजार, सगळेच्या सगळे, त्या कधी येतील-न येतील ओळीत टाकले होते. हातात महिन्याला ३८,४३०. एक रुपया इकडचा तिकडे नाही.

परत फोन लावला, उचलला नाही. मेसेज आला: "इन अ मीटिंग. प्लीज ॲक्सेप्ट बाय ११ टु अव्हॉइड ऑफर लॅप्स." अकराला सहा मिनिटं होती. मी दाबलं ॲक्सेप्ट. शिव्या घालायच्या तर घाला. तुमच्या बोकांडी भूमकर चौक नाही.

संध्याकाळी मावशीचा फोन. आईनं सगळ्यांना कळवून टाकलंय, सात लाख. "अगं सात लाख म्हणजे महिन्याला साठ हजार होतात की! पेढे नकोत आता, काजूकतली पाहिजे." होय मावशी, म्हटलं. पाव किलो आणीन, बाकी व्हेरिएबल.