‘तुलनेचा गट कुठे आहे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

दवाखान्यांत नैराश्याच्या रुग्णांना समुपदेशन देण्याच्या योजनेवरील माझ्या लेखात ‘तीन महिन्यांत बहुतेक रुग्णांना बरे वाटू लागले’ असे वाक्य होते. त्यावर आपण लिहिले आहे की तुलनेचा गट, म्हणजे ही मदत न मिळालेले तसेच रुग्ण, नाही तिथे मूल्यमापनच नाही. औषधासारखी यादृच्छिक चाचणी (कोणाला उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवणारी) घ्यावी आणि एक आकडा सांगावा, असेही आपले म्हणणे आहे. पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि नैराश्य पुष्कळांच्या बाबतीत उपचारांविनाही काही महिन्यांत ओसरते. ते वाक्य मी लिहायला नको होते.

‘एक आकडा’ मात्र मला खटकतो. गोव्यातील ‘मानस’ चाचणी, जिचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आपल्या निकषात चोख बसते: २४ दवाखाने, निम्मे सरकारी व निम्मे खासगी, आणि समुपदेशक म्हणून प्रशिक्षण दिलेली, डॉक्टर नसलेली माणसे. निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत सुमारे ६६ टक्के बरे झाले, तर तुलनेच्या गटात साडेबेचाळीस. खासगी दवाखान्यांत दोन्ही गट ६५च्या आसपासच राहिले. म्हणजे समुपदेशनाचा गट दोन्हीकडे जवळपास सारखाच बरा झाला. तफावत होती ती ‘नेहमीच्या सेवेत’. दोन्हींची सरासरी काढून एकच आकडा छापला असता तर नेमकी हीच गोष्ट झाकली गेली असती.

म्हणूनच गोवंडीतील पालिकेचा दवाखाना आणि दादरमधील वर्षानुवर्षांच्या ओळखीचा फॅमिली डॉक्टर यांना एका मापाने मोजण्यापूर्वी विचारावे लागते की रुग्णाला किती मिनिटे मिळतात, गोळ्या शिल्लक असतात का, पुढच्या खेपेस समुपदेशक तोच असतो का. आणि दुसऱ्या बैठकीसाठी दिवसाची मजुरी बुडवणे न परवडलेल्या बाईला आपण हिशेबात धरतो की ‘गळती’ म्हणून वगळतो? वगळली, तर चाचणी यादृच्छिक असूनही निष्कर्ष गोडच येतो.

तुलनेसाठी माझी पसंती दवाखाने टप्प्याटप्प्याने सामील करून घेण्याला आहे, त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. योजना सर्वत्र न्यायचीच असेल तर कोणालाही कायमचे वंचित ठेवावे लागत नाही. मात्र मोजणी पहिल्या महिन्यापासून सर्वच केंद्रांत चालू हवी. नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये, तापाच्या रुग्णांनी ओपीडी ओसंडत असताना, ज्यांची पाळी येईल त्यांच्या माथी पावसाळ्याचा दोष मारला जाईल.