पासवर्ड विसरलो तं जसाच्या तसा मेसेजवर!

दर सिझनले हेच. कापसाच्या नोंदणीची साइट उघडतो, पासवर्ड आठवत नाही, 'फरगॉट' दाबलं का माहाच जुना पासवर्ड जसाच्या तसा एसएमएसनं येते! म्हंजे तिकडं उघडाच लिहून ठेवला ना बाप्पा, हॅश केला असता, म्हंजे उलटा फिरवता न येणाऱ्या अक्षरं-आकड्यात बदलून ठेवला असता, तं तुमाले तरी कुठून दिसला असता? 2009 मधी रॉकयू नावाच्या कंपनीचे असेच 3.2 कोटी उघडे पासवर्ड चोरीले गेले, 2012 मधी लिंक्डइनचे फुटले तं हॅश होते पण सॉल्टच नाही (सॉल्ट म्हंजे मीठ, हॅश कराच्या आधी दरेक पासवर्डात टाकाची वेगवेगळी अक्षरं), मंग सारख्या पासवर्डचा हॅशबी सारखाच, एक सापडला का तसे सारेच सापडले. पंगतीत वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं तं बोंबलता, अन् इथं? साइटवाल्याइले फोन केला तं तिथलं पोरगं म्हणते, "काका, तुमालेच सोपं पडते ना!"